लिनक्स मिंट: मशीन अर्धा मिनिट थिजतं, मग डिस्कवर काही लिहूच देत नाही

द्राक्षवेल, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातून लिहितेय. घरी डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ या मशीनवर बसेना, म्हणून मामेभावाने लिनक्स मिंट टाकून दिलं. दोन-अडीच महिने छान चाललं.

गेल्या आठवड्यापासून हे सुरू झालंय: फाइल उघडली की माउस हलतो, पण खिडकी तिथल्या तिथे अडकते. कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकत नाही, एकसारखा पेटून राहतो. अर्ध्या मिनिटाने सगळं पुन्हा चालू. असं तीन-चारदा झालं की मग कुठलीच फाइल सेव्ह होत नाही, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा संदेश येतो. रीस्टार्ट केलं की तासभर बरं चालतं.

बागेचा सगळा हिशेब यावर आहे. मजुरीची वही, पॅकहाउसच्या पावत्यांचे फोटो आणि मुख्य म्हणजे फवारणीच्या नोंदी. थॉमसन द्राक्षांचा प्लॉट निर्यातीसाठी ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवलेला आहे, तोडणीला तीन आठवडे राहिलेत. कुठलं औषध कोणत्या तारखेला किती मारलं हे विचारलं की दाखवावंच लागतं. शेवटचा बॅकअप दिवाळीतला आहे.

नाशिकला एका दुकानात दाखवलं. 'डिस्क गेली, फॉरमॅट मारून बघू' म्हणाले. मी मशीन उचलून परत आणलं. आता काय करू? दिवसा मी बागेत असते आणि फोनवरून वडिलांना एकेक अक्षर सांगते, म्हणून आज्ञा उच्चारासकट लिहिल्यात तर बरं होईल.

सिडकोकर, सोमवार रात्री

फाइल सिस्टीम खराब झालीय. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट मिंट चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, बूट करा आणि एफएससीके ही फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवा, सोबत डॅश वाय द्या म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आपोआप होय जाईल. माझं असंच झालं होतं, दहा मिनिटांत ठीक झालं.

टाकळीकर, सोमवार रात्री

ताई, कृपा करून आज एफएससीके चालवू नका. सिडकोकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमच्याकडे बहुधा लाइट गेल्यामुळे फाइल सिस्टीम अर्धवट राहिली असेल आणि डिस्क धडधाकट असेल. इथे अर्धा मिनिट थिजणं हे लक्षण वेगळं आहे.

एफएससीके डिस्क दुरुस्त करत नाही. डिस्कवरचा हिशेब जुळवतो, आणि तो जुळवताना लिहितो. डिस्क वाचताना अडखळत असेल किंवा केबलमधून चुकीचं येत असेल, तर तो त्या चुकीच्या वाचनावर विसंबून नोंदी खोडतो. चांगली फोल्डरं लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये नुसते आकडे होऊन पडलेली मी पाहिली आहेत. एकदा लिहिलं की माघार नाही.

अर्धा मिनिट हा आकडा फार कामाचा आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कला आज्ञा दिल्यावर उत्तराची ३० सेकंद वाट बघतो. उत्तर आलं नाही तर जोडणी रीसेट करून पुन्हा विचारतो. तुमचा दिवा एकसारखा पेटतो तो याच वेळात. असं वारंवार होऊन लिहिणं फसलं की एक्स्ट-फोर फाइल सिस्टीम स्वतःला फक्त वाचण्यापुरती करून घेते. मिंटमध्ये मूळ विभाजनासाठी तशी सूचना एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे कुठलं विभाजन कसं जोडायचं त्या यादीत, लिहिलेलीच असते. म्हणजे तो संदेश येतो तेव्हा तुमचा डेटा वाचवण्यासाठीच दार लावून घेतलेलं असतं. रीस्टार्ट करून ते पुन्हा पुन्हा उघडू नका.

कर्नलने हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी थिजलं की टर्मिनल उघडा आणि 'सुडो डीमेसेज डॅश टी' द्या, यातला टी मोठ्या लिपीतला, त्याने घड्याळाची वेळ दिसते. डीमेसेज म्हणजे डी, एम, ई, एस, जी, मध्ये जागा नाही. शेवटच्या तीस-चाळीस ओळींचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यात महिरपी कंसात काय लिहिलंय ते इथे सांगा. मग मशीन बंद करून ठेवा.

अंबडमेंटेनन्स, मंगळवार सकाळ

टाकळीकर काकांशी सहमत. आणखी एक विचारतो: मशीन ठेवलंय कुठे? आणि डिस्कमधून कट-कट असा आवाज येतो का? येत असेल तर फोटोसाठीही चालू करू नका.

द्राक्षवेल, मंगळवार दुपार

आवाज नाही. मशीन वडिलांच्या खोलीत, त्याला लागूनच औषधांची खोली. तिथे जागा पुरत नाही म्हणून गंधकाची दोन पोती गेली दीड वर्षं टेबलाखालीच आहेत.

फोटो काढला. बऱ्याच ओळी सारख्याच आहेत. 'फेल्ड कमांड, रीड एफपीडीएमए क्यूड', मग महिरपी कंसात 'आयसीआरसी एबीआरटी', मग 'हार्ड रीसेटिंग लिंक'. एका ठिकाणी 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस'. पण दोन ठिकाणी कंसात फक्त 'यूएनसी' आहे. दोन्हींत काय फरक?

टाकळीकर, मंगळवार दुपार

फार महत्त्वाचा फरक आहे.

आयसीआरसी म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला. डिस्कने वाचलं बरोबर, पोहोचलं चुकीचं, ताळा जुळला नाही. दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा तिच्या टोकांचा असतो. वाट खराब दिसली म्हणून कर्नलने वेग ६ वरून ३ वर आणला, ती 'लिमिटिंग'ची ओळ त्याचीच.

यूएनसी म्हणजे डिस्कला तबकडीवरचा तो सेक्टर स्वतःलाच वाचता आला नाही. हा डिस्कचा दोष.

मला वाटतं तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी चालू आहेत. दुकानदाराचं निदान अर्धं बरोबर होतं, उपाय मात्र घातक होता.

आता स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे हवेत. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. डेस्कटॉपवर आतली डिस्क दिसली तरी तिच्यावर क्लिक करू नका, माउंट व्हायला नको, म्हणजे वापरासाठी उघडायला नको. मेनूत 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप्लिकेशन आहे, त्यात डिस्क निवडून वरच्या तीन ठिपक्यांत 'स्मार्ट डेटा' उघडा. ५, १९७, १९८ आणि १९९ या चार ओळींचे मूळ आकडे लिहून पाठवा. वर हिरव्यात 'डिस्क ठीक आहे' असं आलं तर त्यावर जाऊ नका. तो शेरा कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडल्याशिवाय बदलत नाही, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवरही तो हिरवाच असलेला मी कित्येकदा पाहिलाय.

रविवारकारंजा, मंगळवार संध्याकाळ

धाग्यात घुसतोय, माफ करा, पण विषय डिस्कचाच आहे. माझ्या मशीनवर 'डीएफ डॅश एच' म्हणतं डिस्क १०० टक्के भरली. 'डीयू'ने सगळी फोल्डरं मोजली तर ४० जीबीचा हिशेब लागत नाही. डिस्क खराब समजायची का?

कॉलेजरोडची, मंगळवार संध्याकाळ

दादा, नाही. एखादी मोठी फाइल खोडली, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम अजून चालू असेल, तर नाव जातं आणि जागा अडकून राहते. डीयू नावं मोजतं, डीएफ जागा मोजतं, म्हणून तफावत. 'सुडो एलएसओएफ अधिक-एल-एक' दिलं की अशा फाइली दिसतात, तो प्रोग्रॅम बंद केला की जागा सुटते. माझ्याकडे तो टॉरंट होता.

तिथे काही निघालं नाही तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून डीयू चालवून पाहा, नाहीतर परवानगी नसलेली फोल्डरं मोजली जात नाहीत. आणि एक्स्ट-फोर ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, १ टीबीला ती साधारण ५० जीबी होते. नुसत्या डेटाच्या विभाजनावर ती 'ट्यून-टू-एफएस डॅश एम १' देऊन १ टक्क्यावर आणता येते. जर्नल, म्हणजे सिस्टीमची रोजची नोंद, फुगलं असेल तर 'जर्नलसीटीएल', पुढे दोन डॅश देऊन 'व्हॅक्यूम-साइज' आणि ५०० एम.

जागा दिसतेय पण फाइल बनत नाही असं झालं तर 'डीएफ डॅश आय' बघायचं, बारक्या फाइलींनी आयनोड, म्हणजे दर फाइलला लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात.

रविवारकारंजा, मंगळवार रात्री

एलएसओएफने सापडलं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्रॅम महिनाभर तीच खोडलेली फाइल धरून बसला होता. बंद केला आणि ४१ जीबी मोकळे झाले. मनापासून आभार, मी नवीन डिस्क आणायला निघालो होतो.

द्राक्षवेल, मंगळवार रात्री

आकडे:
५ रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर: ०
१९७ करंट पेंडिंग सेक्टर: २४
१९८ ऑफलाइन अनकरेक्टेबल: २४
१९९ यूडीएमए सीआरसी एरर: १,४१२

वर खरंच 'डिस्क ठीक आहे' आलंय.

टाकळीकर, मंगळवार रात्री

अंदाज खरा ठरला. १९९ हा केबलचा आकडा. तो कधी शून्यावर येत नाही, केबल बदलल्यावर वाढायचा थांबतो, म्हणून आज १,४१२ लिहून ठेवा. १९७ म्हणजे न वाचता आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. २४ ही संख्या पाहून मला थोडा धीर आला. आजच्या डिस्कवर एक खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि मोजला जातो ५१२ च्या आठ तुकड्यांत. म्हणजे खऱ्या अर्थाने तीन जागा खराब, मिळून १२,२८८ बाइट. ही सुरुवात आहे, आणि सुरुवातीला पकडलंय.

क्रम असा धरा. आधी केबल, मग सबंध डिस्कची प्रत, मग त्या प्रतीवर एफएससीके. केबल आधी, कारण या वाटेने १ टीबी काढायला गेलात तर दर थोड्या वेळाने जोडणी तुटेल आणि दुबळ्या डिस्कला उगाच तासन् तास फिरावं लागेल.

अंबडमेंटेनन्स, बुधवार सकाळ

ताई, केबल बदलताना दोन्ही टोकं उजेडात बघा. गंधकाने तांबं आणि चांदी काळी पडते, हे आमच्या कामात रोजचं आहे. दीड वर्ष पोती टेबलाखाली आणि कॅबिनेटचा पंखा तीच हवा आत ओढतोय. पोती आजच हलवा.

मशीन बंद करून प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. साटा केबल, म्हणजे डिस्कची डेटा केबल, मदरबोर्डच्या बाजूने काढा, पत्र्याची क्लिप दाबूनच, ओढून नाही. नवी घेताना क्लिप असलेली आणि लांबीला जेमतेम पुरेल एवढीच घ्या. मदरबोर्डवर दुसरा मोकळा पोर्ट असेल तर त्यात लावा. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी पायही हलक्या हाताने खोडरबराने पुसून घ्या, चुरा आत पडू देऊ नका.

मल्टिमीटर असेल तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, तोपण तपासा. मोकळ्या चार पिनी कनेक्टरवर काळी वायर उणे. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५ व्होल्ट. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ च्या खाली आणि लालवर ४.७५ च्या खाली जाता कामा नये. मोठ्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते. एसएमपीएस दबला की डिस्क मध्येच थांबते आणि सगळे तिलाच दोष देतात.

द्राक्षवेल, बुधवार रात्री

वडिलांनी पोती शेडमध्ये नेली. केबल काढली तर मदरबोर्डकडच्या टोकात सात पट्ट्यांपैकी तीन काळपट होत्या, उदबत्तीच्या धुराने पितळ्याच्या निरांजनावर येते तशी पापुद्र्यासारखी काजळी. नखाने निघाली नाही. बोटाला पिवळी बारीक भुकटी लागली, वास ओळखीचाच. पोर्टही बदलला. बोअरसाठी ठेवलेल्या मल्टिमीटरने पाहिलं: पिवळी १२.०४, लाल ५.०२.

लाइव्हवरून तासभर चालू ठेवलं. १९९ अजून १,४१२ च आहे, थिजलं एकदाही नाही! आता प्रतीचं सांगा. नवी १ टीबी डिस्क आणली आहे.

टाकळीकर, बुधवार रात्री

उत्तम. आता साधं कॉपी-पेस्ट नको आणि डीडीही नको. डीडी खराब सेक्टरशी आला की थांबतो. डीडीरेस्क्यू हवं. ते आधी सगळं चांगलं उचलून घेतं आणि खराब जागा नकाशात टिपून शेवटी त्यांच्याकडे वळतं. लाइव्ह मिंटमध्ये नेट जोडून 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीडीडीरेस्क्यू'. पॅकेजच्या नावात सुरुवातीला जी आहे, आज्ञेत नाही.

त्याआधी 'एलएसबीएलके डॅश ओ नेम, साइज, मॉडेल, सीरियल', ही चार नावं मोठ्या अक्षरांत आणि मध्ये फक्त स्वल्पविराम, जागा नको. कुठली जुनी, कुठली नवी हे डिस्कवरच्या चिकटपट्टीवरचा सीरियल नंबर वाचून ठरवा. एसडीए, एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, त्यांच्यावर भरवसा नको. दोन्हींचा आकार १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट आहे ना तेही 'एलएसबीएलके डॅश बी'ने पाहा. नवी एका बाइटनेही लहान चालणार नाही.

मग 'सुडो डीडीरेस्क्यू डॅश एफ डॅश एन', पुढे जुनी डिस्क, मग नवी डिस्क, मग नकाशाच्या फाइलचं नाव. जुनी आधी, नवी नंतर. हे उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या नोंदींवर चढेल, म्हणून एंटर दाबण्याआधी आज्ञा वडिलांकडून मोठ्याने वाचून घ्या. नकाशाची फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. मध्येच लाइट गेली तरी त्या नकाशावरून पुढे सुरू करता येतं. तो नसेल तर पहिल्यापासून.

पहिली फेरी तीनेक तास चालेल. ती झाली की तीच आज्ञा, डॅश एनच्या जागी 'डॅश डी डॅश आर ३', म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न. डिस्क सपाट ठेवा, वरून पंख्याचा वारा असू द्या.

गंगाकाठ, गुरुवार सकाळ

डिस्क आणायला जाणाऱ्यांना एक सांगतो. मी रामकुंडावरचे फोटो साठवायला रस्त्यावरून स्वस्तात २ टीबीचा पेनड्राइव्ह घेतला होता. आत खरी चिप त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. क्षमता खोटी दाखवतात, लिहिलेलं घेतात आणि हरवून टाकतात. दोन सणांचे फोटो गेले. आता कुठलाही पेनड्राइव्ह किंवा कार्ड आणलं की आधी 'एफ-थ्री-राइट'ने भरतो आणि 'एफ-थ्री-रीड'ने तपासतो, मगच वापरतो. भरायला वेळ लागतो, लागू द्यावा.

सिडकोकर, गुरुवार दुपार

काका, एफएससीकेचा सल्ला मी घाईत दिला, तुम्ही अडवलंत ते बरं झालं. माझा एक प्रश्न आहे. डेटाची दुसरी डिस्क काढून ठेवली तर मशीन दीड मिनिट थांबून 'इमर्जन्सी मोड'मध्ये जातं.

कॉलेजरोडची, गुरुवार दुपार

एफएसटॅबमध्ये त्या डिस्कच्या ओळीत पर्यायांमध्ये स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहा. मशीन सुरू करणारं सिस्टीमडी ९० सेकंद तिचीच वाट बघतं. आणि ओळ एसडीबीच्या नावाने असेल तर यूयूआयडी, म्हणजे विभाजनाचा न बदलणारा ओळख क्रमांक, टाका, 'बीएलकेआयडी'ने मिळतो.

द्राक्षवेल, शुक्रवार रात्री

झालं! पहिली फेरी २ तास ५० मिनिटं. रेस्क्यूड ९९.९९ टक्के, बॅड एरिया ३. दुसऱ्या फेरीत तीनपैकी एक जागा वाचली गेली. शेवटी राहिले ८,१९२ बाइट. मग वडिलांनी विचारलं की हे आठ हजार बाइट कशातले आहेत, आणि मला उत्तर देता येईना.

टाकळीकर, शुक्रवार रात्री

वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, न वाचलेल्या जागी नव्या डिस्कवर शून्यं आहेत आणि फाइल वरून साबूत दिसते. डीडीरेस्क्यूमध्ये 'फिल-मोड' आहे. नकाशात खराब टिपलेल्या जागी आपण दिलेला मजकूर तो नव्या डिस्कवर भरतो. एखादा असा शब्द भरा जो तुमच्या फाइलींत असूच शकत नाही. मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. प्रतीचा यूयूआयडी मुळासारखाच असतो, दोन्ही जोडून बूट केलं तर मिंट कुठली उचलेल सांगता येत नाही. नव्या डिस्कवर लाइव्हमधून 'ई-टू-एफएससीके डॅश एफ', मग माउंट करून 'ग्रेप डॅश आर एल'ने तो शब्द शोधा.

द्राक्षवेल, शनिवार संध्याकाळ

'खराबजागानिफाड' असा शब्द भरला. एफएससीकेने दोन किरकोळ गोष्टी दुरुस्त केल्या, लॉस्ट-अँड-फाउंड रिकामं. ग्रेप दीड तास चाललं आणि दोन फाइली निघाल्या. एक अपडेटमधली जुनी पॅकेज फाइल, ती खोडली. दुसरी २०२३ च्या गारपिटीनंतर बागेचा काढलेला व्हिडिओ. एका जागी क्षणभर चौकडे दिसतात, बाकी सगळा चालतो.

फवारणीची वही ऑक्टोबर छाटणीपासून आजपर्यंत ओळीने तपासली, मी वाचत गेले आणि वडील डायरीत खुणा करत गेले. एकही नोंद गेलेली नाही. मशीन आता नव्या डिस्कवर आहे, खिडकीकडच्या भिंतीला. त्या वहीची एक प्रत पेनड्राइव्हवर रोज संध्याकाळी घेते, एक भावाकडे पाठवते. जुनी डिस्क तारीख आणि '१९७: २४' लिहून कपाटात ठेवली आहे.

टाकळीकर काका, अंबडचे दादा, तुमचे उपकार आहेत. तोडणी झाली की पेटी पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

अंबडमेंटेनन्स, शनिवार रात्री

ताई, शेडमध्ये पोती ठेवलीत तिथेच बोअरचा स्टार्टर नाही ना? असेल तर त्याचेही कॉन्टॅक्ट उघडून बघा.

द्राक्षवेल, शनिवार रात्री

आहे. उद्या सकाळी मेन स्विच बंद करून उघडतो.